परदेशी निघालेल्या मुलीची पेटी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझ्या भाषणाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा आपल्यापैकी दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिले. पेटी भरायला भाषण कशाला हवे? यात्रेची वळकटी, लेकीचे रुखवत, बाळंतिणीचे गाठोडे, हे सारे आपण न शिकवता भरतो. खरे आहे. पण शिकण्यासाठी साता समुद्रांपलीकडे निघालेल्या मुलीची पेटी कशी भरावी, हे मात्र आपल्याला आजीने सांगितलेले नाही. तिच्या काळी अशी पेटी घरोघर निघतच नव्हती.

पण एक निघाली होती. वैद्यक शिकायला अमेरिकेस गेलेली पहिली महाराष्ट्रीय स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. माहेर कल्याणचे, सासर आपल्या शेजारच्या संगमनेरचे. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून तिची बोट निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. वय अवघे अठरा. नवरा बरोबर नाही, ओळखीचे म्हणून कोणी नाही. पत्रांतून मावशी झालेल्या कार्पेंटरबाई तेवढ्या बंदरावर आल्या होत्या.

निघण्यापूर्वी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे बंगालमधले श्रीरामपूर, आपल्या जवळचे नव्हे) तिने जाहीर भाषण केले. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदूच राहून परत येईन, असे तिला लोकांपुढे सांगावे लागले. म्हणजे तिच्या सामानात लुगड्यांबरोबर ही अटही होती. नऊवारी नेसायची, शाकाहारी राहायचे. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहत, तेव्हा तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्याशा बदलाचाही तिला पत्रातून खुलासा करावा लागला. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी नुसती धुरकट होती. अशा स्थितीत तिने ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टरची पदवी मिळवली आणि पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात ती गेली. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. लुगड्यामुळे तिला क्षय झाला असे मी म्हणत नाही. क्षय तेव्हा घरोघरची माणसे नेत होता. पण अंगाला ऊब हवी असताना गावाला काय वाटेल याचा विचार तिला करावा लागला, हे मला अजून सलते.

आणि आज आपण काय करतो? तिकडे जाऊन कुठे नेसणार हे न विचारता येवल्याची पैठणी घालतो. चांदीची समई घालतो. मुलगी म्हणते, “आई, नको”, तर आपण डोळ्याला पदर लावतो. त्या पैठणीचे वजन आपल्या मनाला हलके वाटते. विमानतळावरच्या काट्याला ते तसे वाटत नाही. अमेरिकेच्या बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर २३ किलोच्या दोन पेट्या नेता येतात. रिकामी पेटीच तीन-चार किलोंची. एक साडी खुशाल द्यावी, दिवाळीला ती आनंदाने नेसेल. तीन देऊ नयेत.

आता खाण्याकडे वळते, कारण तुमचे लक्ष तिकडेच आहे. तूरडाळ, तांदूळ, कणीक, हळद हे तिकडच्या हिंदी दुकानांत मिळते. पण ती दुकाने बहुधा गुजराती नाहीतर पंजाबी. तिथे भाजणी मिळत नाही, मेतकूट मिळत नाही, कुळथाचे पीठ आणि आपल्या घरचा गोडा मसाला तर नाहीच. तेव्हा किलो खर्चायचे ते यांच्यावर. कुकर नेला तर त्याची जादा रिंग आणि शिट्टी विसरू नये. मिक्सर मात्र नेऊ नये. आपली वीज २३० व्होल्टची, अमेरिकेतली १२०ची. मिक्सर नुसता कण्हतो.

दोन जिनसांबद्दल मुद्दाम सांगते. पहिली सुके खोबरे. त्यात तेल फार, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानात खोबऱ्याच्या वाट्या नेऊ देत नाहीत. मसाल्यात भाजून दळले ते वेगळे. दुसरी खसखस. आपल्याला ती अनारशावरची निरुपद्रवी वस्तू, पण सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या मालात मोडते. मुलगी तिकडे शिकायला जात असेल, तर मायेने दिलेला अनारशांचा डबा तिला चौकशीच्या टेबलापुढे उभी करील. ऑस्ट्रेलियाला जाणारीने तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना लिहून द्यावी. लिहिल्यावर फार तर एखादा डबा जातो. लपवले तर दंड होतो, प्रसंगी व्हिसाही रद्द होतो.

थंडीचे कपडे इथे थोडेच घ्यावेत. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि आपण म्हणतो, काय ही थंडी! फिलाडेल्फिया-शिकागोकडे पारा शून्याच्या खाली जातो. तिथला कोट तिथेच घ्यावा. इथून आतून घालायचे गरम कपडे आणि पोचल्या दिवसापुरते एक जाकीट पुरे.

त्यापेक्षा ज्या गोष्टींना वजन नाही, त्यांची काळजी घ्या. दात इथेच दाखवून घ्यावेत. तिकडच्या विद्यार्थ्यांच्या विम्यात दात बहुधा धरत नाहीत. चष्म्याची दुसरी जोडी आणि नंबराचा कागद द्यावा. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत असेटॅमिनोफेन या नावाने मिळते, हे तापात कोणाला आठवणार? आणि लहानपणीचे लसींचे कार्ड शोधा. गोवर-गालफुगीच्या लशीचा दाखला तिथली कॉलेजे मागतात. कपाटाच्या कोणत्या कप्प्यात ते कार्ड आहे, हे घरात एका आईलाच ठाऊक असते.

पासपोर्ट, कॉलेजचे पत्र, अमेरिकेला जाणारीचा आय-ट्वेंटी कागद, मूळ गुणपत्रिका हे सर्व हातातल्या पिशवीत. मोठी पेटी चुकून दुसऱ्या गावी जाऊ शकते. फोनची जादा बॅटरीही हातातच. मोठ्या पेटीत ती चालत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडणार नाही. पेटी मुलीला भरू द्या. आपण शेजारी बसावे, विचारले तर सांगावे. आपण भरलेल्या पेटीत काय कुठे आहे हे तिला कळत नाही, आणि अधिकारी विचारतो, “ही पेटी तुम्ही स्वतः भरली का?” तेव्हा तिने खरे उत्तर द्यायला हवे. भरून झाली की ती पेटी तिने एकटीने उचलून घराचा जिना चढून दाखवावी. तिकडे हमाल नाही, भाऊ नाही, आपण नाही. चढता आली नाही, तर काय काढायचे ते तीच ठरवील. पैठणी निघाली तर मुकाट्याने कपाटात ठेवा.

शेवटी, सामानाची यादी दोन प्रतींत करा. एक तिच्यापाशी, एक तुमच्यापाशी. पेटी हरवली तर आत काय होते ते विमान कंपनीला सांगावे लागते. यादी कशी करावी ते ज्यांना पाहायचे आहे त्यांच्यासाठी मी माझ्या भाचीची यादी आणली आहे, ती चहाच्या वेळी पाहावी.