पाळीव समुद्री माशांचें चमत्कारिक वागणें

कुत्र्यास कांहीं दुखलें तर तो कण्हतो, गाय चारा सोडून मान टाकते. परंतु माशाजवळ आपली व्यथा सांगण्याचें साधन एकच, आणि तें म्हणजे त्याचें वागणें. नवी मुंबईंतील वाशी, नेरूळ, खारघर अशा वसाहतींतून हल्लीं कांहीं दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या कांचेच्या पेट्या दिसतात. मागील पिढीनें असे मासे पाहिले ते १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयांत, आणि तेथें त्यांची निगा राखावयास माणसें नेमलेलीं होतीं. घरच्या पेटीपाशीं असा जाणता माणूस नसतो. मासा वेडावांकडा पोहूं लागला कीं धांवपळ उडते, कोणी तरी दुकानांतून औषधाची बाटली आणतो आणि ती पाण्यांत रिकामी होते. रोगानें मेलेले मासे किती व या बाटलीनें मेलेले किती, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं हें एक बरेंच आहे.

तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, जें वागणें विचित्र वाटतें तें खरोखर विचित्र आहे काय? नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशाचें उदाहरण घ्यावें. दोन मासे एकत्र ठेवले म्हणजे लहान मासा मोठ्यासमोर येतो, एका अंगावर कलतो व सर्व शरीर थरथर कांपवितो. पाहणाऱ्यास वाटतें, याला झटके येत आहेत. वस्तुतः तो मुजरा आहे. या माशांच्या कुटुंबांत सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर, आणि उरलेले सारे अप्रौढ असतात. मादी मेली तर तो नरच कांहीं काळानें मादी होतो व खालचा एक नराच्या जागीं चढतो. इतक्या कडक राज्यांत मुजरा न करून कसें चालेल!

ट्रिगर मासा कपारींत शिरून पाठीवरचा कांटा उभारतो व स्वतःस तेथें अडकवून कुशीवर झोंपतो. सकाळीं दिवा लावणाऱ्यास तो मेलेलाच वाटतो. रास जातीचे कित्येक मासे संध्याकाळीं वाळूंत घुसतात. नवा आणलेला रास तर पुष्कळदां कांहीं दिवस वर येतच नाहीं. अशा वेळीं वाळू उकरून त्याचा शोध घेणें म्हणजे झोंपलेल्याचें पांघरूण ओढण्यासारखें आहे. रात्रीं रंग फिके पडणें, हेंहि कित्येक जातींत नेहमींचेंच.

आतां ज्या वागण्यानें खरोखर सावध व्हावें त्याकडे वळूं या. येथें एक खूण फार उपयोगी पडते. पेटींतील सर्वच मासे एकाच वेळीं निराळे वागूं लागले तर दोष बहुधा पाण्याचा. एकच मासा वागूं लागला तर रोगाचा किंवा शेजाऱ्याच्या छळाचा. सर्व मासे पृष्ठभागाशीं येऊन भराभर तोंड उघडमीट करूं लागले तर त्यांना प्राणवायु कमी पडतो आहे असें समजावें. गोड्या पाण्यापेक्षां खारें पाणी प्राणवायु कमी धरतें, आणि तापलें म्हणजे आणखी कमी. पंचवीस अंशांच्या एक लिटर समुद्रजलांत तो सुमारें पावणेसात मिलिग्रॅम मावतो. बत्तीस अंशांवर जेमतेम सहा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारीं वीज गेली, पंप थांबला, खिडक्या बंद, असा योग आला कीं तासा-दोन तासांत पेटींत हाहाकार होतो. त्या वेळीं औषधाचा कांहीं उपयोग नाहीं. झांकण काढावें, तांब्यानें पाणी उचलून उंचावरून पुन्हां त्यांतच सोडावें, आणि वीज आल्यावर पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊं द्यावा. बर्फाचे खडे टाकण्याची घाई करूं नये. एकदम गारठा हाहि माशाला तितकाच त्रासदायक.

पाणी आटतें, मीठ मात्र मागें राहतें. म्हणून आटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेंच करावयाची असते. पुष्कळ जण त्या जागीं पुन्हां मिठाचेंच पाणी ओततात व महिन्याभरांत पेटींतला समुद्र नको इतका खारट करून ठेवतात. समुद्री माशाच्या अंगांतील पाणी सदैव बाहेर ओढलें जात असतें. तें भरून काढण्यासाठीं तो समुद्र पितो व जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतो. खारटपणा वाढला कीं या बिचाऱ्याचें कामहि वाढतें. खाडी दाराशीं आहे म्हणून तिचें पाणी आणण्याचा मोह होतो, तोहि टाळावा. पावसाळ्यांत तें गढूळ होतें व त्यांतील क्षार एकदम उतरतात. पालिकेच्या नळाचें पाणी माणसांसाठीं क्लोरीननें शुद्ध केलेलें असतें, आणि तोच क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. मीठ मिसळण्यापूर्वीं तो घालविलाच पाहिजे.

खाडीकांठच्या वस्तींत आणखी एक संकट आहे, आणि तें क्वचितच ध्यानांत येतें. सायंकाळीं डास वाढले कीं खोलींत फवारा मारतात. अशा पुष्कळ फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड द्रव्यें माणसास सौम्य, परंतु माशांस अत्यंत घातक असतात. पेटीचा हवेचा पंप खोलींतलीच हवा ओढून पाण्यांत सोडतो. म्हणजे विष आपल्याच हातानें पेटींत पोंचतें. सायंकाळपर्यंत धडधाकट असलेले मासे रात्रीं गिरक्या घेऊं लागले, कांचेवर आदळूं लागले, तर दिवसभरांत घरांत काय फवारलें तें आधीं आठवावें.

एकटाच मासा दगडावर अंग घासतो आहे, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत, अशी स्थिति असेल तर तो क्रिप्टोकॅरिऑन नांवाच्या परजीवीचा उपद्रव होय. हा जीव मोठा फसवा. कांहीं दिवसांनीं ठिपके आपोआप गळतात, मालक आनंदतो, बाटलीची स्तुति होते. प्रत्यक्षांत परजीवी माशावरून उतरून तळाशीं कोष करून बसलेला असतो. त्या एका कोषांतून पुढें शेंकडों पिल्लें सुटतात व नवीं अंगें शोधतात. दुसरी खेप पहिलीपेक्षां भारी येते ती यामुळेंच. यावर तांब्याचें औषध चालतें, परंतु तें मुख्य पेटींत घालूं नये. कोळंबी, शिंपलीं, समुद्रफुलें त्यानें मरतात आणि दगड तें शोषून घेऊन पुढें पुष्कळ दिवस सोडीत राहतात. आजारी मासा वेगळ्या भांड्यांत घ्यावा. नवा मासाहि पहिला महिनाभर असाच वेगळा ठेवला तर हा प्रसंगच बहुधा येत नाहीं.

छळाचा प्रकार ओळखणें सोपें आहे. शेपटीच्या कडा फाटलेल्या, मासा कोंपऱ्यांत दडलेला, खाणें पडलें कीं मागें सरणारा. सर्जन माशाच्या शेपटीच्या मुळाशीं चाकूसारखा कांटा असतो; आपल्याच जातीचा दुसरा मासा लहान पेटींत त्याला खपत नाहीं. येथें औषध काय करणार? एकास दुसरें घर पाहून द्यावें.

या सर्वांत न सुटणारी एक गोष्ट उरते. समुद्री शोभेचे बहुतेक मासे प्रवाळांवरून पकडून आणलेले असतात. घरांत एक दगावला तर समुद्रांतला एक कमी झाला. क्लाउन मासा मात्र आतां बंदिवासांत अंडीं घालतो. मंडपम् येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांत त्याची पैदास साधली आहे, आणि नवी मुंबईंतच ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रांतहि या दिशेनें काम झालें आहे. समुद्री घोड्यास २००१ पासून कायद्याचें संरक्षण आहे, तेव्हां तो कोणी देऊं केला तरी घेऊं नये.

मासा घेतांना तो पेटींत जन्मलेला आहे काय, हें दुकानदारास विचारावें. मग त्याला चिमूटभर खाद्य समोर टाकावयास सांगावें, आणि मासा तें खातो कीं नाहीं हें पाहूनच पैसे मोजावेत.