केशरी मळतो कुठे?



फौजेत रंग म्हणजे सजावट नव्हे, ओळख. निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या स्मरणिका छापून घेण्याचे काम माझ्याकडे आले. एका वीरपत्नीने मुखपृष्ठावर हात फिरवत विचारले, "साहेब, झेंडा असा मळलेला का दिसतो?" प्रश्न रास्त होता. खादीच्या राष्ट्रध्वजाचे रंग 'आयएस १' या भारतीय मानकात मोजमापाने ठरवून दिले आहेत. मग कागदावर हयगय का?

दोष दर वेळी मशीनमनचा नसतो. फोर कलर छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी, एवढ्याच शाया. केशरी होतो तो पिवळ्यावर मॅजेंटाचे बारीक ठिपके पाडून. त्यात तेज थोडे उतरतेच. स्पेशल कलर मात्र आधीच मिसळून तयार केलेली एकच शाई असते. म्हणून पँटोन ऑरेंज ०२१ चार शायांत हुबेहूब येत नाही. जवळ जाता येते, इतकेच.

जवळ जायचे कसे?

पहिले, फाइल तपासा. संगणकाने रंग बदलताना केशरीत सायन किंवा काळ्याचे दोन-चार टक्के घुसतात. केशरी मळतो तो इथे. ते काढून टाका. गडद निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा, नाहीतर निळा जांभळा होतो.

दुसरे, पडद्यावर रंग ठरवू नका. स्पेशल आणि फोर कलर शेजारी-शेजारी दाखवणारे शेड कार्ड पाहा.

तिसरे, प्रूफ प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच मागा. आर्ट पेपरवर खुलणारा रंग मॅपलिथोवर बसका दिसतो, कारण तो कागद शाई पितो.

चौथे, उजेड. रंग पाहण्यासाठी ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन नमुने दिवसाउजेडी वेगळे दिसू शकतात. तसा दिवा नसेल तर दिवसा खिडकीपाशी पाहा, थेट ऊन टाळून.

पाचवे, "सेम टू सेम पाहिजे" हा हुकूम मशीनला कळत नाही. पसंत पडलेल्या नमुन्यावर सही करा आणि छपाई त्याच्याशी जुळवून घ्या. छापखान्यात स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर फरक आकड्यात मोजून मागा.

एवढे करूनही अंतर उरले, तर? फुलाच्या चित्रात चालेल. झेंड्यात, पलटणीच्या निशाणात नाही. तिथे निदान मुखपृष्ठापुरती पाचवी प्लेट आणि स्पेशल शाई घ्या. खर्च वाढेल, पण आतली दोन रंगीत पाने कमी करून तो भागवता येतो. काय वगळायचे आणि काय राखायचे, हे आधी ठरवा.

जय हिंद!