घरी शिकवणं आणि घरी बसवणं

 

जून लागला की चिंचोळी एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांमधून दप्तरं दिसायला लागतात. आमच्याही घरात नवीन वर्ष सुरू होतंय. फरक इतकाच, की गेली ३ वर्षं आमच्या मुलांची शाळा घरातच भरते. ती कशी भरते आणि यंदा आम्ही काय ठरवलंय, ते आज सांगणार आहोत.

आधी कारण सांगतो, कारण तेच सगळे विचारतात. घरच्या कर्त्याचं काम कंत्राटाचं. कंत्राट जिथे, तिथे आमचा संसार. आधी चाकण, मग कुरकुंभ, मग चिंचोळी. २ वर्षांत मुलीच्या ३ शाळा झाल्या. एका शाळेत भागाकार शिकवून झालेला, दुसरीत अजून यायचा. पोर मागे पडत चालली होती. म्हणून जम बसेपर्यंत घरी शिकवायचं ठरवलं. आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून मुलं घरी ठेवली, असं काहींना वाटतं. तसं नाही. आमची मुलं शेजारच्या सगळ्यांच्या मुलांबरोबरच खेळतात.

घरी शिकणं ही काही नवी गोष्ट नाही. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांची बोलणी खावी लागली. पुढे त्याच आईने लेकीला शिकवलं. कधी? घरचं काम सुरू व्हायच्या आधी, पहाटे. झोपेतल्या पोरीला मायेने उठवून पाठ घ्यायच्या. पुढे कोलकात्यात विद्वानांनी त्या मुलीला पंडिता म्हणून गौरवलं. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या.

आम्ही कुरकुंभला होतो, तिथून रमाबाईंचं केडगाव जवळच, एकाच दौंड तालुक्यात. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना आणि बायांना त्यांनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. पण आसरा देऊन त्या थांबल्या नाहीत. अक्षरओळख, विणकाम, शेती, छपाई असं सगळं शिकवलं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, बायांच्या हातून छापलं गेलं.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांना शाळा मिळाली नाही. नवऱ्याने, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, घरी वाचायला शिकवलं. त्याच बाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. १९३४ पासून ते पुस्तक भागाभागाने निघालं आणि मराठी माणूस ते आजही वाचतो.

या दोघींकडून आम्ही एक गोष्ट घेतली. घरी शिकायचं तर घरातल्या कुणीतरी रोज वेळ काढावा लागतो. वेळ उरला तर शिकवू, असं म्हटलं की शाळा बंद पडते.

म्हणून आमचं वर्ष जून महिन्यातच सुरू होतं, आणि सुरू होताना आम्ही ४ कामं करतो.

पहिलं काम, वेळ ठरवणं. कंपनीत शिफ्ट दर आठवड्याला बदलते, पण मुलांची वेळ बदलत नाही. सकाळी ९ ते १२. त्या वेळात मुलीला पाणी भरायला, दळण आणायला सांगायचं नाही. पाहुणे आले तरी चहा आम्हीच करतो. रात्रपाळी करून आलेलं माणूस आतल्या खोलीत झोपलेलं असतं, तेव्हा पाढे हळू आवाजात, पण होतात.

दुसरं काम, पुस्तकं. आम्ही बालभारतीचीच वापरतो. छापील मिळतात, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर फुकट उतरवूनही घेता येतात. शाळेतली मुलं जे शिकतात तेच आपली मुलं शिकली, तर उद्या शाळेत जायला अडत नाही.

तिसरं काम, वही. आम्ही हजेरीची वही ठेवतो. तारीख, विषय, काय झालं, काय राहिलं. दर शनिवारी आजी वही वाचायला लावते. आजीला वाचता येत नाही, पण रिकामी पानं तिला बरोबर कळतात.

चौथं काम, प्रार्थना. सकाळी अभ्यासाला बसण्याआधी बायबलमधला एक उतारा मुलगी मोठ्याने वाचते आणि त्याचा अर्थ धाकट्याला सांगते. यातून वाचनही सुधारतं. पण बायबल वाचलं म्हणजे अभ्यास झाला, असं आम्ही धरत नाही. गणित गणिताच्या वेळेला, विज्ञान विज्ञानाच्या वेळेला. सोलापूरला येणारं उजनीचं पाणी कुठून निघतं, ज्वारीच्या पोत्याचा भाव आणि किलोचा भाव यांचा मेळ कसा बसतो, बचत गटाच्या कर्जावर व्याज किती होतं, हे सगळं त्यातच येतं.

आता जे मुख्य सांगायचं, ते. आमची मुलगी १३ वर्षांची झाली. आणि नात्यातले लोक म्हणायला लागले, “नाहीतरी घरीच असते ना? मग एखादं स्थळ बघून ठेवा.” मैत्रिणींनो, हे ऐकलं आणि आम्हाला कळलं, की घरी शिकवणं आणि घरी बसवणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. दोन्हीत मुलगी घरातच. दोन्हीत दप्तर नाही. शाळेत मुलगी ८ दिवस आली नाही तर बाई विचारतात. घरी असली तर विचारायला कोण येणार? भांडी तिची, धाकटं भावंड तिचं, कापूस वेचायला तीच. आणि कुणी विचारलंच तर उत्तर तयार, घरी शिकते.

म्हणून आम्ही स्वतःलाच ३ प्रश्न विचारतो. मुलीच्या अभ्यासाची रोजची वेळ ठरलेली आहे का? ती यंदा कोणती परीक्षा देणार आहे? आणि उद्या शाळेत जाते म्हणाली, तर जाऊ शकते का? या तिन्हींना सरळ उत्तर नसेल, तर ती मुलगी घरी शिकत नाही, घरी बसली आहे. मग तिला शाळेतच घालायचं.

कायद्याचं थोडं सांगतो. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत फुकट शिकायचा हक्क आहे, आणि मुलाला शाळेत घालणं हे आईवडिलांचं कर्तव्य सांगितलं आहे. घरच्या शाळेची वेगळी नोंदणी त्यात नाही. म्हणजे घरी कितीही शिकवलं, तरी दाखला परीक्षेचाच मिळतो. त्यासाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. ते पाचवी, आठवी आणि दहावीच्या पातळीच्या परीक्षा घेतं. नोएडाच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षाही असतात. दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. वयाच्या अटी आणि तारखा अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माचा दाखला मात्र जिवापाड जपा.

आणि एक चांगली तरतूद. शाळा सुटलेलं किंवा कधीच शाळेत न गेलेलं मूल वयाप्रमाणे ज्या वर्गात बसायला हवं, त्या वर्गात त्याला घ्यावं लागतं. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला मदत करायची, असंही कायदा सांगतो.

याचाच आधार घेऊन यंदा आमच्या घरात एक निर्णय झाला. कंत्राटाचं काम आता इथेच टिकलं आहे. मे महिन्यात आम्ही दोन्ही मुलांना समोर बसवून विचारलं. धाकटा ८ वर्षांचा. तो म्हणाला, “मला शाळेत जायचंय, तिथं कबड्डी असते.” त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला घालतोय. मुलगी म्हणाली, “मला या वर्षी आठवीची परीक्षा घरूनच देऊ द्या, नववीला मी शाळेत जाईन.” तेही मान्य. घरच्या वहीत तिने पहिल्या पानावर स्वतःच परीक्षेचं नाव लिहून ठेवलंय. ज्या नातेवाईकांनी स्थळाचं काढलं होतं, त्यांना आम्ही ते पान दाखवलं. १८ वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हेही सांगितलं.

शाळा चांगली चालते आणि मूल तिथे रमतं, तर आमचं बघून कुणीही मूल घरी ठेवू नका. घरची शाळा अडचणीतला मार्ग आहे आणि तिला मेहनत दुप्पट लागते. पण आजारपणामुळे, ऊसतोडीमुळे, कामाच्या बदलीमुळे कुणाचं मूल घरी राहिलंच, तर त्याचा अभ्यास थांबू देऊ नका.

शेवटी एक विनंती. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की १० मिनिटं काढा. आपल्या गटातल्या घरांमध्ये ६ ते १४ वर्षांची कोणती मुलं शाळेत जात नाहीत, त्यांची नावं काढा. मुलींची आधी. प्रत्येकीच्या आईला ते ३ प्रश्न विचारा, पण टोचून नको, बहिणीसारखं. एखाद्या मुलीच्या लग्नाचं घाटत असेल, तर १०९८ या नंबरवर फोन करा. तो फुकट आहे.

जून महिना अजून हातात आहे. आपल्या सगळ्यांच्या लेकरांना हे वर्ष चांगलं जावो.