गच्चीवरचे ऊन आणि सोसायटीचे खाते

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण. बऱ्याच सभासदांनी मागणी केल्यामुळे स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीवर सोलर बसवण्याचा विषय येणार आहे. जिन्यात, लिफ्टमध्ये, बाकावर त्याचीच चर्चा चालू आहे. कोणी म्हणतो बिल शून्य होणार, कोणी म्हणतो गच्ची गळणार. मी इंजिनिअर नाही. पस्तीस वर्षे बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासले, त्यामुळे कोणतीही गोष्ट 'चालते कशी आणि परवडते का' या दोन प्रश्नांनी बघायची सवय लागली. आजही तेच करू.

आधी एक घोळ मिटवू. आपल्यापैकी काहींच्या घरी गरम पाणी देणारा सोलर बंब आहे. तो उन्हाच्या उष्णतेवर चालतो. विजेचे पॅनेल ही वेगळी वस्तू. त्याला उजेड हवा, उष्णता नको. उलट पॅनेल तापले की वीज कमी होते. पॅनेलवर लिहिलेली क्षमता पंचवीस अंश तापमानाला मोजलेली असते. एप्रिलच्या दुपारी पॅनेल साठ अंशांपर्यंत तापते, तेव्हा दहा-बारा टक्के वीज त्यातच जाते. म्हणून पॅनेलखाली वारा खेळता हवा.

आता हे चालते कसे? प्रकाशातून वीज निघते हे एडमंड बेकरेल या फ्रेंच तरुणाला १८३९ साली दिसले. उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सेल मात्र अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९५४ साली तयार झाला. सिलिकॉनच्या पातळ चकतीत एका बाजूला फॉस्फरस आणि दुसऱ्या बाजूला बोरॉन अगदी किंचित मिसळतात. त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर एक प्रकारचा उतार तयार होतो. उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि उतारावरून पाणी वाहावे तसे एकाच दिशेला जातात. तीच वीज. यात काही फिरत नाही, घासत नाही, जळत नाही, म्हणून पॅनेल इतकी वर्षे टिकते.

एका सेलचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट. असे अनेक सेल एकामागोमाग जोडून पॅनेल होते आणि पॅनेल जोडून माळ होते. माळ म्हटले की दिवाळीची आठवते ना? एक दिवा गेला की रांग मंदावते. इथेही पाण्याच्या टाकीची किंवा डिश अँटेनाची सावली एका पॅनेलवर पडली तर सगळ्या माळेला फटका बसतो. पॅनेलमधले डायोड हे नुकसान कमी करतात, पण पूर्ण टाळत नाहीत. म्हणून कोटेशन देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा : 'डिसेंबरमध्ये दुपारी तीनला आमच्या टाकीची सावली कुठवर येते?' उत्तर न देता सबसिडीवर बोलायला लागला तर त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

पॅनेलची वीज डीसी असते, म्हणजे बॅटरीसारखी. आपली लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे एसीवर चालतात. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. वीज गेल्यावर घरात लागतो तो इन्व्हर्टर हा नव्हे. हा महावितरणच्या लाइनशी ताल जुळवून तिच्यात वीज सोडतो. आणि इथेच सगळ्यांचा गैरसमज होतो, म्हणून नीट ऐका. बाहेरची वीज गेली की हा सोलरही आपोआप बंद पडतो, भर दुपारी बारा वाजता सुद्धा. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून तशी व्यवस्थाच केलेली असते. तेव्हा 'सोलर आले, आता जनरेटर विका' असे कोणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. वीज गेल्यावरही चालू राहायला हवे असेल तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो, आणि खर्च बराच वाढतो.

मग रात्रीचे काय? त्यासाठी नेट मीटर. याला मी पासबुक म्हणतो. दिवसा वापरून उरलेली वीज आपण लाइनमध्ये जमा करतो, रात्री जिन्यातल्या दिव्यांसाठी काढतो. बिल फरकाचे येते. या महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, पण आर्थिक वर्ष संपले की खाते बंद. ३१ मार्चला उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण कमी दराने. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प बसवण्यात शहाणपण नाही. आणि बिल शून्य होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो.

आता हिशेब. आपल्याकडे एक किलोवॉट क्षमतेतून वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारच्या आसपास युनिट मिळतात. उन्हाळ्यात जास्त, आषाढ-श्रावणात बरेच कमी. मी बँकेच्या सवयीने हात राखून वर्षाला १३०० युनिट धरतो. समजा आपण सामायिक मीटरवर १० किलोवॉट बसवले. अठरा-एकोणीस पॅनेल आणि सुमारे हजार चौरस फूट जागा. वर्षाला १३,००० युनिट. एका युनिटमागे १० रुपये वाचतात असे धरले तर १,३०,००० रुपये. त्यातून धुणे-पुसणे, देखभालीचे १०,००० वजा करू. उरले १,२०,०००.

खर्च किलोवॉटला ५५,००० धरू, म्हणजे साडेपाच लाख. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरले. दहाचे १,८०,०००. निव्वळ खर्च ३,७०,०००, म्हणजे तीन वर्षांत पैसे वसूल. कर्ज काढले तर व्याज धरून चार. पण लक्षात ठेवा, अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात येते. आधी सगळी रक्कम आपल्यालाच उभी करायची आहे. ती सिंकिंग फंडातून काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो इमारतीचा म्हातारपणाचा पैसा आहे. आणि 'अनुदान मंजूर झाले, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठेवून द्या. बँकेतला माणूस सांगतोय!

खालच्या दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. तुम्हाला हे अनुदान नाही, पण तुमचा दर घरगुतीपेक्षा चढा आणि वापर दिवसाचा, म्हणजे ऊन असेल तेव्हाच. त्यामुळे तुमचे गणित आणखी सरळ बसते. शिवाय व्यवसायाच्या हिशेबात सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो. आपल्या सीएला जरूर विचारा.

आता वरच्या मजल्यावरच्या मंडळींचे म्हणणे. एका वहिनींनी मला जिन्यात गाठून विचारले, 'भाऊ, वीज सगळ्यांची वाचणार, पण छत गळले तर बादल्या आमच्याच घरात ना?' प्रश्न अगदी रास्त आहे. पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर काहीही ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्यावा. वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर. उलटे केले तर दोन-तीन वर्षांनी सगळा सांगाडा उचलून ठेवायचा खर्च येईल. सांगाडा शक्यतो स्लॅबला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभारावा, आणि वळवाच्या वादळात तग धरेल याची लेखी हमी घ्यावी. अर्थिंग आणि वीजरोधक विसरू नये. उंच सांगाडा केला तर खाली पापड-कुरडया वाळवायची जागा थोडी राहील आणि वरच्या घरांचे छतही कमी तापेल. गळतीची जबाबदारी सोसायटीची, हे ठरावातच लिहावे. नुसत्या तोंडी आश्वासनावर वहिनींनी मत देऊ नये. मीही देणार नाही.

देखभाल अवघड नाही. पंधरा दिवसांनी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पॅनेल धुवावेत. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे जड पाणी डाग पाडते. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागेल, त्यासाठी वाचलेल्या पैशातूनच दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाकावी.

शेवटचा मुद्दा आमच्या पिढीचा. पॅनेलवर साधारण २५ वर्षांची हमी मिळते. आमच्या कट्ट्यावर एकाने विचारले, 'आपण सत्तरीपार, आपल्याला काय उपयोग?' त्यांना मी म्हटले, वसुली चार वर्षांत आहे, तेवढी तर डॉक्टरही आपल्याला देतात! त्यापुढची एकवीस वर्षे या सतरंजीवरच्या मुलांची. मेंटेनन्सची वाढ थोडी जरी रोखली गेली, तरी पेन्शनवरच्या घरांना तो मोठा आधार आहे, आणि तो चौथ्या वर्षाची वाट न पाहता मिळू शकतो.

म्हणून माझी सूचना एवढीच. सभेला येताना तीन कागद मागा : इंजिनिअरचा दाखला, तीन कोटेशनांचा तक्ता आणि गेल्या बारा महिन्यांची सामायिक मीटरची बिले. ते बघा, वहिनींचा प्रश्न ऐका आणि मग हात वर करा. होय म्हणा किंवा नाही म्हणा, पण हिशेब करून म्हणा.