ठोक्यांची गोळी आणि चालता पट्टा

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावात व्यायामावर बोलायचं म्हणजे धाडसच. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलेलं हे अमरावती. पण मला बोलायचंय ते छातीला वायरी चिकटवून पट्ट्यावर चालण्याबद्दल.

पट्ट्यावरची ही टीएमटी म्हणजे ब्लॉकेज शोधायची तपासणी, असा आपला समज. खरा आहे, पण अर्धाच. ठोक्यांची बिघडलेली लय सुधारणारं औषध सुरू केल्यावरही काहींना पट्ट्यावर चढवतात. मग अकोल्याकडचा एखादा गडी विचारतोच, "गोळी तं सुरू झाली ना डॉक्टरसाहेब, आता कायले पळवता?"

प्रश्न रास्त आहे. फ्लेकेनाइडचंच घ्या. हे औषध हृदयाच्या पेशींतली सोडियमची वाट अडवतं, आणि ठोके जितके जलद तितकी त्याची पकड घट्ट. पडून काढलेल्या ईसीजीत सगळं ठीक दिसतं. पट्ट्यावर मात्र दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, ठोके दीडशेकडे जातात, आणि ईसीजीच्या कागदावरचा क्यूआरएस हा टोकदार भाग पसरू लागतो. क्वचित तिथंच घातक लय सुरू होते. ती वावरात सुरू होण्यापेक्षा शॉकचं यंत्र शेजारी असताना दिसलेली बरी. म्हणून ही तपासणी औषध अंगात मुरल्यावर, गोळी घेऊनच करायची. ब्लॉकेजसाठी मात्र काही गोळ्या आधी बंद ठेवायला सांगतात.

ही सावधगिरी फार महागात शिकलेली आहे. हार्ट अटॅकनंतर ज्यांना जादा ठोके पडतात, त्यांच्यातले बरेच अचानक दगावतात. तेव्हा ठोके दाबले की मरण टळेल, हा तर्क जगभर पटला होता. अमेरिकेतल्या 'कास्ट' चाचणीत मुद्दाम असेच रुग्ण निवडले, ज्यांचे ठोके औषधानं दबले होते. निम्म्यांना फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइड दिलं, निम्म्यांना नकली गोळी. 1989 साली हा भाग मध्येच थांबवावा लागला. सरासरी 10 महिन्यांत औषधवाल्या 755 पैकी 63 जण गेले, नकली गोळीवाल्या 743 पैकी 26. ईसीजी देखणा झाला होता, माणूस वाचला नव्हता. आता जुना अटॅक किंवा कमजोर हृदय असेल तर फ्लेकेनाइड देत नाहीत.

पण पट्ट्यावर पास झालात म्हणजे सुटलात, असंही नाही. ठोक्यांचंच दुसरं औषध सोटालॉल, त्याचं वागणं नेमकं उलटं. त्याचा धोका ठोके मंद असताना, म्हणजे झोपेतसुद्धा. ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबतं आणि लय पिळवटून भरकटते. तिथं पळवून फारसं कळत नाही. साधा ईसीजी, पोटॅशियम आणि किडनीची तपासणी जास्त सांगून जाते.

आणि इथं आपला वऱ्हाडी मे महिना आडवा येतो. अकोल्याचा पारा 45 च्या वर, त्यात हगवण-उलट्या. पोटॅशियम उतरतं, अंगातलं पाणी आटलं की किडनी सोटालॉल बाहेर टाकेनाशी होते. त्यातच उलटीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन आणि जंतूंसाठी ॲझिथ्रोमायसिन मिळालं, तर हीदेखील क्यूटी लांबवणारीच औषधं. तेव्हा गोळी मनानं बंद करू नका, पण गावातल्या डॉक्टरांना तिची स्ट्रिप आधी दाखवा. चक्कर येऊन पडलात तर ऊनच लागलं असं धरून चालू नका. सलाइन लावतानाच ईसीजी काढायला आणि पोटॅशियम तपासायला सांगा.