कुकरमधील ऊर्जेचा जमाखर्च
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संस्थेचा जमाखर्च आपण दरवर्षी बारकाईने तपासता. सृष्टीचा हिशेबही असाच चोख आहे. ऊर्जा नव्याने उत्पन्न होत नाही व नाशही पावत नाही. यास्तव आत आलेली ऊर्जा एकतर बाहेर गेली पाहिजे, नाहीतर आत शिल्लक उरली पाहिजे. उष्मागतिकीचा हा पहिला नियम आपल्या घरच्या प्रेशर कुकरास लावून पाहावा, असा आज आमचा मानस आहे.

हिशेबापूर्वी सीमा ठरवावी लागते. कुकरचे भांडे व झाकण ही आपली सीमा मानू. जिच्या सीमेतून उष्णता येते-जाते, परंतु पदार्थ जात नाही, ती बंदिस्त प्रणाली. जिच्यातून पदार्थही ये-जा करतो, ती खुली प्रणाली. वाफ कोंडलेली असेतो कुकर बंदिस्त असतो. शिट्टी होताच तो खुला होतो.

समजा, आत एक किलो पाणी आहे, शेगडीपासून दर मिनिटास १२ किलोकॅलरी उष्णता आत येते आणि भांड्याच्या पृष्ठभागातून २ बाहेर जाते. शिल्लक १०. तिच्यामुळे पाण्याचे तापमान मिनिटास सुमारे १० अंशांनी चढते. सुमारे १२० अंशांस आतील दाब दोन वातावरणांइतका होऊन शिट्टीचे वजन उचलले जाते. आता तापमान वाढत नाही. मग त्या १० किलोकॅलरी जातात कोठे? मिनिटास सुमारे १९ ग्रॅम वाफ त्या सुप्त उष्णतेच्या रूपाने बाहेर नेते. म्हणजे बारांपैकी दहा हिस्से गॅस केवळ शिट्ट्या वाजविण्यात खर्ची पडतो! आच मंद करून २ किलोकॅलरीच आत येऊ दिल्या, तरी तापमान तेच राहते आणि डाळ तितक्याच वेळात शिजते.

परंतु डाळीचा कण अडकून वाफेची नळी बुजली तर? जमा चालू, खर्चाची वाट बंद. मोठ्या आचेवर तीनच मिनिटांत तापमान १५० अंशांजवळ आणि दाब पावणेपाच वातावरणांजवळ पोहोचू शकतो. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह हाच एक आधार.

फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनी असे वाफेचे भांडे १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याच्या झडपेवरही वजनच होते. वाफेला वाट ठेविल्यावाचून तिला कोंडू नये, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

झाकण घाईने उघडणेही तितकेच घातक. १२० अंशांच्या एक किलो पाण्यावरील दाब एकाएकी काढला, तर सुमारे ३७ ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि ती साठ लिटर जागा मागते. तोंडावर उसळते ती हीच.

म्हणून आमची विनंती एवढीच : दररोज नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावी, भांडे दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये, डाळीस निम्मेच पुरे, जुना सेफ्टी व्हॉल्व्ह वेळीच बदलावा, दाब उतरल्यावाचून झाकणास हात लावू नये. हे काम एकट्या गृहिणीवर सोपवून पुरुषांनी वर्तमानपत्र उघडू नये. संस्थेच्या हिशेबातील चूक पुढील सभेत दुरुस्त होते. या हिशेबास पुढील सभा नाही.