आमदारांकडे जाताना नेमके मागा

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात सापडून कायमचे अपंगत्व आलेला शेतकरी आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. त्याच्यासाठी आमदारांना भेटताना 'काहीतरी मदत करा' एवढे सांगून भागत नाही. आश्वासन मिळते आणि विषय तिथेच राहतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी शेतजमीन, घरकुल आणि दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत 5 टक्के आरक्षणाची तरतूद आहे. त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. ग्रामपंचायतीनेही स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावयाची असते. भेटीपूर्वी या खर्चाचा तीन वर्षांचा हिशेब ग्रामपंचायतीकडून लेखी घ्यावा. रक्कम पडून असल्यास तो कागद निवेदनाला जोडावा.

दुसरी मागणी प्रमाणपत्राची. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. पाय गमावलेल्या माणसाने एसटीने तपासणीला जायचे, तर सोबत्याचीही मजुरी बुडते. म्हणून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी शिबिर भरवावे, अशी मागणी करावी व त्याची तारीख मागून घ्यावी.

निवेदन एकाच पानाचे असावे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. बोलणे मात्र दिव्यांग व्यक्तीलाच करू द्यावे. आपण शेजारी बसावे. महिन्याने पुन्हा जावे. पेरणी करून रानाकडे पाठ फिरवली, तर तणच माजते, हे आपणास सांगायला नको.